कोपरा फाडलेलं कार्ड

आंघोळ करून बाहेर आलो, पंच्याने डोकं पुसत खाटेवर टेकलो, आणि तेव्हा कुठे लक्षात आलं की मी काय करून बसलो आहे. आंघोळ सकाळी एकदा झालेली होती. दुपारच्या चहाचं भांडं अजून गॅसवर तसंच होतं, त्यावर साय धरली होती. फोन टेबलावर पालथा पडला होता. अर्ध्या तासापूर्वी तो वाजला आणि पडद्यावर ‘मॅडम’ हे नाव दिसलं, तेव्हा मी चहा गाळायचा सोडून आलो होतो. दिवाळीच्या आधीपासून त्यांचं काही आलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. या वयात फोनवर नाव पाहून आनंद व्हावा असं एकच नाव उरलेलं. चष्मा शोधला, उघडून पाहिलं. ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की आमची आई श्रीमती रजनी हिचे अल्पशा आजाराने इंदूर येथे निधन झाले.’ पुढे आणखी दोन ओळी, नात्यांच्या, आणि त्यांच्या खाली निळ्या अक्षरांत ‘आणखी वाचा’. ते मी दाबलंच नाही. मी उठलो, फोन घेऊन अनवाणी उंबऱ्याबाहेर गेलो, जिन्याच्या पायरीवर उभा राहून त्याच ओळी पुन्हा वाचल्या. मग बोट त्या नावावर दाबून धरलं. फोनने विचारलं, सगळं पुसायचं का? मी हो म्हटलं. आणि आत येऊन थेट मोरीत गेलो.

हे मी केलं असं म्हणतो, पण ते माझ्या आईने केलं. आम्ही बुऱ्हाणपूरच्या लालबागेत स्टेशनाच्या अलीकडे राहायचो, पोस्टमन दुपारच्या गाडीनंतर यायचा. कुणी गेल्याचं कार्ड असलं की त्याचा एक कोपरा फाडलेला असायचा. पाठवणाऱ्यानेच फाडून पाठवायचा, म्हणजे घेणाऱ्याला हातात पडताच कळावं. पोस्टमनही ते कार्ड दारातून आत टाकत नसे, हाक मारून आईच्या हातात द्यायचा. आई अंगणात उभी राहून वाचायची. एकदाच. मग त्याचे बारीक तुकडे करून रस्त्याकडेच्या नालीत सोडायची, आणि डोक्यावरून पाणी घ्यायची. असलं कार्ड घरात ठेवायचं नाही, रात्रभर तर नाहीच. ते घरात राहिलं तर पाठोपाठ दुसरं येतं, अशी समजूत. आंघोळ झाली की केस झटकत म्हणायची, ‘चला, सुटलो.’ मला लहानपणी वाटायचं की मेलेली माणसं त्या नालीतून तापीला जातात. पुढे इतिहास शिकलो, शिकवला, मुलांपुढे फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘पुरावा’ असं लिहून त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या. डोकं सुधारलं, हात आईचेच राहिले.

आणि त्या हातांनी नुसता निरोप पुसला नव्हता. निरोप ज्या पानावर आला ते पानच काढून टाकलं होतं. मॅडम इंदूरला गेल्यापासूनची आमची सगळी लिखापढी त्या एका नावाखाली होती. आमची म्हणजे कामाची. पोस्टकार्डांचे फोटो, एखाद्या शब्दाभोवती लाल गोल, ‘हे अक्षर ‘ध’ आहे की ‘घ’?’, माझं लांबलचक उत्तर, त्यावर त्यांचं ‘बरं’. मला चार ओळींत सांगता येत नाही आणि त्यांना चार शब्दांच्या पुढे जाता येत नाही, असं ते चाललेलं. अगदी शेवटी त्यांनी विचारलं होतं, ‘सर, मनकर्णाचं काही कळलं का?’ मी लिहिलं, ‘शोधतोय.’ त्यांचं उत्तर आलं, ‘घाई नाही.’ अल्पशा आजाराने. हे दोन शब्द मी इतक्या कागदांत वाचले आहेत की त्यांना काहीच अर्थ उरलेला नाही. ‘घाई नाही’ लिहिताना त्या कुठे होत्या, घरात की दवाखान्यातल्या पलंगावर, हे मला कळायला हवं होतं. संध्याकाळी शनवारा चौकातल्या मोबाईलवाल्याकडे गेलो. त्याने फोन उलटासुलटा केला आणि सांगितलं, ‘बॅकअप तो आपने कभी चालूच नाही केला बाबूजी, आता कुठून आणायचं?’ मी त्याला सांगितलं की फारसं महत्त्वाचं नव्हतं.

मनकर्णा कोण ते सांगायला हवं, नाहीतर माझी आणि मॅडमची गोष्टच कळणार नाही. गोष्ट म्हणावी असं त्यात काही नाही, हेही आधीच सांगून टाकतो. आम्ही दोघं एकाच कॉलेजात इतिहास शिकवायचो. एम.ए.च्या मुलांना मूळ कागदांवरून देशाचा इतिहास शिकवायचा असा एक विषय अभ्यासक्रमात आला आणि आम्हांला कळलं की आमच्याकडे मूळ कागदच नाहीत. पाठ्यपुस्तकात छापलेले जाहीरनामे आणि करारनामे काय, ते तर सगळ्यांकडेच. तेव्हा मलकापूरच्या एका घरातून मी एक तार आणली. पूर्वी घरोघरी भिंतीला लोंबायची तशी, खाली लाकडी चकती, वर आकडा, आणि मधे ओवलेली पत्रं. तुकईथडचा पंडित नावाचा शेतकरी मलकापूरच्या आपल्या भावाला लिहायचा. स्वातंत्र्य मिळालं त्या सालापासून पुढे पुष्कळ वर्षं. प्रत्येक कार्डाच्या मधोमध तारेचं भोक, आणि नेमका कामाचा शब्द त्या भोकात गेलेला. दर शनिवारी शेवटचा तास संपला की आम्ही ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसून ती कार्डं वाचायचो. मी मजकूर वाचायचो. पाऊस, कापूस, बैल, ‘इकडील सर्व क्षेम’. देशात काय काय घडतंय आणि हा बाबा बैलाच्या खुरांबद्दल लिहितोय म्हणून मी चिडायचो. मॅडमनी एका शनिवारी सगळी कार्डं पालथी करून मांडली आणि म्हणाल्या, ‘सर, तुम्ही उलट्या बाजूने वाचताय. पत्ता बघा.’

पत्त्यात देश होता. आधी ‘मलकापूर, मध्यप्रांत’, पुढे ‘मध्यप्रदेश’. मग छप्पन साली राज्यं नव्याने आखली गेली, मलकापूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, तुकईथड इकडेच, मध्यप्रदेशात राहिलं. दोघे भाऊ जागचे हलले नाहीत, मधून राज्य निघून गेलं. पंडितला ते पटलं नसावं. तो पुढेही ‘मध्यप्रदेश’च लिहीत राहिला आणि पोस्टातलं कुणीतरी ते लाल शाईने खोडून ‘मुंबई’ करत राहिलं. मग एका कार्डावर त्याने आपणहून ‘मुंबई राज्य’ लिहिलं, तर तोवर त्याचं महाराष्ट्र झालेलं, आणि पुन्हा लाल शाई. मॅडम हसून हसून बेजार झाल्या होत्या. त्या हसल्या की तोंडावर पदर धरायच्या, खोलीत आम्ही दोघंच असलो तरी. मी त्या दिवशी घरी जाताना स्टेशनच्या रस्त्याने न जाता लांबून गेलो, कापडाच्या मागांचा खडखडाट ऐकत, आणि मला वाटलं की मी सुखी आहे. हे वाक्य मी कुणापाशी बोललेलो नाही. त्यांच्यापाशी तर नाहीच. त्यांना घर होतं, वीजमंडळातले यजमान होते, मुलगी होती. मला एक खोली आणि निंबोल्याला दिलेली बहीण होती. मी त्यांना मॅडम म्हणायचो आणि त्या मला सर. शनिवारचा चहा कॉलेजच्या कँटीनमधून यायचा, तो एकदा त्या सांगायच्या, एकदा मी.

तर त्या कार्डांच्या शेवटी पंडित नेहमी लिहायचा, ‘मनकर्णा तुम्हांस नमस्कार सांगते.’ दर कार्डात. पुढे एका पावसाळ्यानंतर ती ओळ नाही. त्याच्या पुढच्यातही नाही, कुठेच नाही. मी म्हटलं, गेली असणार ही. मॅडम म्हणाल्या, ‘लग्न करून दुसऱ्या घरी गेली असेल. मुलगी सासरी गेली की बापाच्या पत्रात कशाला येईल?’ मी म्हटलं, मग लग्नाचं लिहिलं असतं, आमंत्रण असतं. त्यावर त्या म्हणाल्या, मरणाचंही लिहिलं असतं की. आणि बोलता बोलता थांबल्या. पुन्हा सगळी तार चाळली. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, ‘सर, या घरात कोणी मेलंच नाही.’ खरंच, एवढ्या वर्षांत एकही मरण नाही. म्हातारी माणसं पत्रांतून हळूच नाहीशी झाली, बाळंतिणी नाहीशा झाल्या, पण गेल्याचं कार्ड एकही नाही. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, कारण आम्ही दोघं त्याच आयांची मुलं. कोपरा फाडलेली कार्डं आली असतीलच, आणि आल्या पावली नालीत गेली असतील. तारेला कोण ओवणार? तेव्हापासून मी वर्गात सांगायचो की आपल्या लोकांच्या कागदांत मरणं सापडत नाहीत, कारण आपण ती फाडून आंघोळ करतो. पोरं हसायची. माझं हे वाक्य गाजलेलं होतं.

प्रत्येक कार्डासाठी आम्ही एक नोंदपत्र करायचो. कोणी लिहिलं, कोणाला, कुठून, विषय, आणि लिहिणाऱ्याचं नि घेणाऱ्याचं नातं. जे कागदात नाही ते लिहायचं नाही, तिथे लिहायचं ‘कागदावरून कळत नाही’. हा नियम मॅडमचा. मला अंदाज बांधायची भारी हौस. अक्षर थरथरतंय म्हणजे ताप असेल, शाई बदलली म्हणजे गाव बदललं. त्या माझी वाक्यं ऐकून घ्यायच्या, गालात हसायच्या आणि रकान्यात लिहायच्या, ‘कागदावरून कळत नाही.’ मनकर्णापुढे तेच लिहिलेलं आहे. एकदा मी चिडून म्हणालो, मॅडम, तुमच्यासारखी माणसं असती तर इतिहास कोणी लिहिलाच नसता. त्या म्हणाल्या, ‘निदान खोटा तरी लिहिला नसता.’

रात्री सुमनचा फोन आला. माझी धाकटी बहीण निंबोल्याहून रोज जेवण झालं का विचारते. त्यांच्या घरच्या केळीची कटाई चालू होती, मागून ट्रक मागे घेणाऱ्याची ओरड ऐकू येत होती. पहिल्याच शब्दावरून तिने ओळखलं.

‘काय रे नंदू, आवाज काहून असा? सर्दी झाली का?’

‘डोक्यावरून आंघोळ केली दुपारी.’

‘दुपारी? कोन गेलं?’

‘कॉलेजातल्या मॅडम होत्या ना. रजनी मॅडम.’

‘अरे देवा. चांगल्या व्हत्या का रे?’ आणि लगेच, ‘पन त्या काय आपल्या नात्यातल्या नव्हत्या.’

‘नाही.’

‘मंग आंघोळ काहून केली तू? बाहेरच्यांचं ऐकलं तर हात जोडाचे, बस. आंघोळ तं घरच्यांसाठी राह्यते. बिनकामाचं थंडीत पानी घेतलं. हळद टाकून दूध पी आता.’

मी दूध प्यायलो नाही. सुमनने किती सरळ विचारलं. माझ्या डोक्याला जे ठाऊक नव्हतं ते अंगाला ठाऊक होतं, असं म्हणावं तर तो पुन्हा माझा अंदाज झाला. आईचा नियम अंगात मुरलेला, कार्ड आलं की पाणी घ्यायचं, एवढंच असेल. पण कॉलेजातलेच जोशीसर गेले तेव्हा नाही घेतलं पाणी. प्राचार्य गेले तेव्हा बातमी वाचून मी पोहे खाल्ले होते. पडल्या पडल्या मला ती निळी अक्षरं दिसत होती, ‘आणखी वाचा’. खाली काय असेल? असू शकेल की एखादी ओळ. ‘आई शेवटपर्यंत तुमच्या पोस्टकार्डांबद्दल बोलत होती.’ असलं काहीतरी माणसं लिहितात. किंवा नुसतं ‘सर’ एवढं संबोधन तरी. निरोप त्यांच्या फोनवरून आला होता, म्हणजे मुलीने तो उघडला होता, म्हणजे माझं नाव तिला तिथे सापडलं होतं, म्हणजे वर-खाली तिने काही वाचलंही असेल. वर्गात मी मुलांना पहिला प्रश्न शिकवायचो की कागद कोणी कोणाला लिहिला. मायना पाहिल्याशिवाय मजकुराला हात लावायचा नाही. आणि मी मायना न पाहता कागद नालीत सोडला.

दुसऱ्या दिवशी भाजी आणायला गेलो तर शनवाऱ्यात कडू भेटले. आमच्याच कॉलेजात वाणिज्य शिकवायचे, आता सकाळ-संध्याकाळ मावा जिलेबीच्या दुकानापाशी उभे असतात. मीच विषय काढला. म्हणाले, ‘अरे यार नंदकुमारजी, मलाही आला मेसेज. लगेच डिलीट केला. असली चीज ठेवतं का कोणी फोनमध्ये? काल दुपारी झोपेतून उठून बघितलं, रात्रीपर्यंत मन खट्टू झालं.’

‘खाली काय लिहिलं होतं?’

‘खाली म्हणजे?’

‘आणखी वाचा होतं ना.’

‘कोण वाचतं आणखी?’ कडू म्हणाले. ‘माणूस गेला हे कळलं, और क्या पढना है?’ मग मला जिलेबी घ्यायचा आग्रह केला, मी नको म्हटलं, तर म्हणाले की सुतक थोडंच आहे तुम्हाला.

कडूंनाही आला होता हे ऐकून मला का लागावं? सगळी नोकरी कॉलेजात काढलेल्या बाईच्या फोनमध्ये कॉलेजच्या माणसांचे नंबर असणारच. तरी लागलं. मी स्वतःला समजावलं की वरच्या ओळी सगळ्यांना सारख्याच असतात, खालच्या बदलतात. पंडितची कार्डंही वरून सारखीच होती. आणि या समजुतीवर मी पुढचे कितीतरी दिवस काढले. फोन करावा, तर काय सांगून करावा? ‘तुमच्या आईच्या निधनाचा निरोप पुन्हा पाठवा’ असं कुणी म्हणतं का? आणि त्याच्याही मागे दुसरी गोष्ट होती, ती मला जास्त छळत होती. माझ्याकडचं सगळं पुसलं गेलं तरी लिखापढीच्या दोन प्रती असतात, एक लिहिणाऱ्याकडे नि एक घेणाऱ्याकडे. आमची दुसरी प्रत मॅडमच्या फोनात अजून होती. ते सगळे लाल गोल, ते सगळे ‘बरं’, आणि ‘घाई नाही’. मुलीने मनात आणलं तर तिला ती मला पाठवता आली असती. मागितली पाहिजे एवढंच.

मागायला मला कधी लाज वाटलेली नाही. कागदांसाठी मी परक्या घरांत शिरलो आहे, म्हाताऱ्यांच्या उशाखालच्या पेट्या उघडायला लावल्या आहेत, भावाभावांचं भांडण चालू असताना मधे बसून ‘तेवढी पत्रं मला द्या’ म्हटलं आहे. खकनारकडच्या एका बाईने मला दारातून हाकललं होतं, दुसऱ्या रविवारी मी केळी घेऊन पुन्हा गेलो. देशाच्या इतिहासासाठी सगळं चालतं. पण त्या प्रत्येक ठिकाणी दारात पहिला प्रश्न यायचा, ‘तुम्ही कोण?’ आणि मी छाती काढून सांगायचो, ‘इतिहासाचा प्राध्यापक.’ इथे ते उत्तर चालणार नव्हतं. एका बाईच्या फोनातली आपली सगळी बोलणी मागायची तर आपण तिचे कोण हे आधी सांगावं लागतं. मी रोज सकाळी ठरवायचो की आज करू, आणि मग केस कापायला जायचो, लाईटचं बिल भरायचो. लालबागेच्या शाळेसमोर मुलं राज्याच्या स्थापना दिवसाचे उरलेले कागदी झेंडे घेऊन खेळत होती. राज्य कधी झालं, कसं झालं, एका मिनिटात सांगता येतं. त्याला कागद आहेत.

शेवटी एका दुपारी चहा गॅसवर ठेवून मी नंबरांच्या यादीतलं ते नाव दाबलं. घंटा वाजत होती तेवढा वेळ मला असंच वाटत होतं की त्याच उचलतील आणि म्हणतील, ‘बोला सर.’

‘हॅलो? जी, कोण बोलताय?’ आवाज तरुण, पण हेल त्यांचाच.

‘मी बुऱ्हाणपूरहून बोलतोय. रजनी मॅडमच्या...’

‘आई नाही राहिली काका. मी पल्लवी, त्यांची मुलगी. मेसेज केला होता ना सबको.’

‘हो. मिळाला. वाईट झालं फार.’

‘हां,’ ती म्हणाली. मग जरा अडखळत, ‘सॉरी, पण इथे तुमचं नाव ‘पोस्टकार्ड’ असं येतंय. तुम्ही पोस्ट ऑफिसमधून का? आईचं काही खातं वगैरे होतं तिकडे?’

चहा उतू जात होता. मी गॅस बंद केला. सर नाही, नंदकुमार नाही. पोस्टकार्ड. त्यांनी कधीतरी फोनात ते नाव टाकताना तोंडावर पदर धरला असेल का? की बाकीची नावं आणि माझं नाव वेगळं ठेवावं असं वाटलं असेल? की वेगळं ठेवायला नको, म्हणून कामाचं नाव टाकलं असेल? बघा, लागलो मी पुन्हा अंदाज करायला.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘कॉलेजात होतो. आम्ही जुनी पत्रं वाचायचो शनिवारी.’

‘अच्छा, शनिवारी!’ पल्लवी एकदम बोलली. ‘शनिवारी आईला जास्तीचं काम असायचं ना कॉलेजमध्ये. बाबा किती चिडायचे, हाफ डे असून ही उशिरा येते म्हणून. आई म्हणायची, ड्यूटी आहे, काय करू. एकदा मला ताप होता तरी गेली होती. मी तेव्हा खूप रागावले होते तिच्यावर.’ ती थोडं हसली, आणि मग तिचा आवाज भरून आला. ‘इतकं काम करून घेतलं तिच्याकडून कॉलेजवाल्यांनी.’

शनिवारी कसलंही जास्तीचं काम नव्हतं. कुणीही त्यांना थांबायला सांगितलेलं नव्हतं, प्राचार्यांनी नाही, मी नाही. शेवटचा तास संपला की त्या घरी जाऊ शकत होत्या. त्या येऊन बसायच्या. मुलीला ताप असतानाही येऊन बसल्या, आणि मला बोलल्या नाहीत. हे मी आज ऐकतोय, आणि ज्या मुलीकडून ऐकतोय तिला ते सांगता येत नाही. तिच्याकडे आईचा थकवा आहे. तो मी काढून घेतला तर तिला काय उरेल? मी खाटेच्या काठावर बसलो.

‘काका, आहात ना?’

‘आहे. तो निरोप... माझ्याकडून चुकून गेला. तेवढा पुन्हा पाठवशील का बेटा?’

‘अहो, त्यात काय होतं, दशक्रियेचं वगैरे. ते तर झालं पण सगळं ओंकारेश्वरला.’

‘तरी पाठव.’

‘पाठवते. तसं बरं झालं आजच फोन केला तुम्ही. हा फोन उद्या देते दुकानात, सगळं साफ करून. सासूबाईंना देणार आहे, त्यांचा बिघडलाय.’ मग फोनवर कुणाशी तरी हिंदीत दोन शब्द बोलली, आणि परत येऊन म्हणाली, ‘और कुछ हवं होतं का काका? आईचं काही काम राहिलं होतं?’

हीच वेळ होती. परक्या दारात मी यापेक्षा कितीतरी वाईट वेळी मागितलं आहे. एवढंच म्हणायचं होतं की साफ करायच्या आधी त्या नावाखालचं सगळं मला पाठव. ती पाठवणारी मुलगी होती. पण पाठवताना ती वाचणार. त्यात एकही शब्द असा नव्हता की जो कुणी वाचू नये. ‘ध’ की ‘घ’, बरं, घाई नाही. पण इतक्या वर्षांचं ते वाचून कुणालाही कळलं असतं की हे काम नव्हतं. मग शनिवारची ड्यूटी तिला पुन्हा वाचावी लागली असती, तापाच्या त्या दिवसासकट. मॅडमनी घरात शनिवारला जे नाव देऊन ठेवलं होतं ते मी त्यांच्या माघारी बदलायचं का? दुसरी प्रत माझ्या समोर होती. मी इतिहासाचा प्राध्यापक.

‘नाही बेटा,’ मी म्हटलं. ‘काही राहिलं नव्हतं.’

निरोप आला. रिकाम्या पानावर एकटाच. त्याच ओळी, तेच निळं ‘आणखी वाचा’, आणि या वेळी मी ते दाबलं. ‘दशक्रिया विधी ओंकारेश्वर येथे होईल. कृपया हार-फुले आणू नयेत. आईच्या सर्व परिचितांना व्यक्तिशः कळविणे शक्य नसल्याने हाच निरोप व्यक्तिशः समजावा. शोकाकुल, पल्लवी व परिवार.’ एवढंच. मायना नव्हता. त्यांच्या फोनात जेवढे नंबर होते तेवढ्यांना, कडूंना, दूधवाल्याला, गॅसच्या एजन्सीला आणि पोस्टकार्डला, हाच निरोप व्यक्तिशः. मला मोठ्याने रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मी शनवाऱ्यात जाऊन तो कागदावर छापून आणला. दुकानदाराने छापताना वाचला आणि कागद माझ्या हातात देताना दोन बोटांनी, लांबून दिला. त्याचीही आई तशीच असणार.

घरी आणला तो कागद. उंबऱ्यावर मी थोडा घुटमळलो, हे कबूल करतो, मग आत घेऊन आलो. पंडितची कार्डं माझ्याकडे आहेत, तारेवरून काढून खोक्यात ठेवलेली, प्रत्येकाला मॅडमच्या हातचं नोंदपत्र. कोरी नोंदपत्रंही त्यातच पडून होती. मी एक घेतलं. लिहिणार, पल्लवी. ठिकाण, इंदूर. विषय, रजनी यांचे निधन. एवढ्या सगळ्या कार्डांतलं हे पहिलंच मरण. घेणार, नंदकुमार, बुऱ्हाणपूर. शेवटचा रकाना नात्याचा. कागद मरणाचा, म्हणून इथे घेणाऱ्याचं आणि गेलेल्या बाईचं नातं. तिथे पेन बराच वेळ थांबलं. सहकारी असं लिहिता आलं असतं, ते खोटं नव्हतं. दुसरंही काही लिहिता आलं असतं, आणि ते अंदाजाचं आहे की नाही हे सांगणारं माणूस आता नव्हतं. मी त्यांच्या अक्षरासारखं, सुटं सुटं लिहिलं, ‘कागदावरून कळत नाही.’

मग नोंदपत्र कागदाला जोडलं, खोक्यात मनकर्णाचं नाव असलेल्या शेवटच्या कार्डामागे ठेवलं आणि झाकण लावलं. तो कागद रात्रभर घरात राहणार होता. सुमनचा फोन आला, जेवलास का विचारलं, मी बसतोच आहे म्हटलं. या वेळी आंघोळ केली नाही. मला सुटायचं नव्हतं.